ई-रीडर घ्यावा की नाही? आधी वाचनाची यादी, मग यंत्र

ई-रीडर घेऊन पस्तावलेल्या माणसाची तक्रार सहसा यंत्राबद्दल नसते. पडदा छान असतो, बॅटरी टिकते. पण हवी ती पुस्तकं त्या दुकानात नसतात, जमवलेल्या पीडीएफ त्या पडद्यावर वाचवत नाहीत, नाहीतर मराठी अक्षरं तुटून दिसतात. याचं मूळ खरेदीच्या उलट्या क्रमात आहे. आधी मॉडेल ठरतं, मग कव्हरचा रंग, आणि यावर आपण वाचणार काय हा प्रश्न खोकं उघडल्यावर पडतो.

खालचे टप्पे मुद्दाम त्याच्या उलट लावले आहेत. यंत्राचं नाव शेवटी येतं. मधल्या कुठल्याही टप्प्यावर उत्तर ‘नको’ असं आलं तर तिथेच थांबा, पुढचं वाचायची गरज नाही. इथे ई-रीडर म्हणजे ई-इंकचा, कागदासारखा दिसणारा पडदा असलेलं आणि मुख्यतः पुस्तकांसाठीच बनवलेलं यंत्र. रंगीत टॅबलेटला दुकानदार काहीही म्हणोत, तो यात मोडत नाही.

## १. वाचनाची खरी यादी करा

एक कागद घ्या. गेल्या वर्षभरात प्रत्यक्ष वाचून संपवलेल्या वीसेक गोष्टी त्यावर लिहा: पुस्तकं, अहवाल, अंक, अभ्यासाची टिपणं, सगळं. वाचायचं मनात होतं पण वाचलं नाही ते लिहू नका. यादी तिथेच बिघडते, कारण माणूस यादीत स्वतःला आहे त्यापेक्षा मोठा वाचक करून टाकतो.

प्रत्येक नावापुढे चार गोष्टी टिपा.

- भाषा कोणती.
- मजकुराचा घाट कसा: सलग गद्य, की तक्ते, आकृत्या, रंगीत चित्रं, गणिताची सूत्रं.
- हाती आलं कुठून: विकत, ग्रंथालयातून, मोफत संकेतस्थळावरून, की कोणीतरी पाठवलेली पीडीएफ.
- वाचलं कसं: पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, की मागेपुढे चाळत.

ई-रीडर सलग गद्यासाठी बनलेला आहे. कादंबरी, कथा, चरित्र, प्रवासवर्णन, लांबलचक लेख इथे त्याला तोड नाही. चाळून वाचायच्या पुस्तकांत तो हमखास चिडवतो. कागदी पुस्तकात मागच्या प्रकरणात बोट ठेवून पुढचं पान बघता येतं. इथे त्यासाठी मेनू उघडा, अनुक्रमणिका गाठा, पान बदलायची वाट बघा, आणि परत यायला तेच सगळं पुन्हा. संदर्भग्रंथ, सूत्रांनी भरलेली पाठ्यपुस्तकं, नकाशांची पुस्तकं कागदावर किंवा मोठ्या टॅबलेटवरच बरी.

तपासा: यादीतलं निम्म्याहून जास्त सलग गद्य आहे का? नसेल तर थेट चौथ्या टप्प्यावर जा. तिथला मोठा पडदाही पुरा पडणार नसेल तर निर्णय झाला, पैसे वाचले.

## २. प्रत्येक पुस्तक कुठे मिळतं ते शोधा

बहुतेक जण हा टप्पा गाळतात आणि नेमके इथेच फसतात. यादीतलं एकेक नाव घेऊन किंडल (अमेझॉनचं), कोबो वगैरे ई-पुस्तकांच्या दुकानांच्या संकेतस्थळांवर शोधा; याच नावांची यंत्रंही असतात. त्यासाठी यंत्र लागत नाही. पुढे वाचायच्या दहा पुस्तकांचीही नावं टाका. इंग्रजीतलं जवळपास सगळं सापडेल. मराठीतलं काही सापडेल, काही फक्त कागदावरच असेल. छापील आवृत्ती आहे म्हणजे ई-आवृत्ती असणारच, हे गृहीत धरू नका.

आता फाइलचा प्रकार. आज बहुतेक ई-पुस्तकं ईपब या खुल्या प्रकारात असतात. कोबो, पॉकेटबुक अशी यंत्रं ती सरळ उघडतात. किंडलचं तंत्र वेगळं आहे. केबलने ईपब फाइल त्यावर टाकली तर उघडत नाही, ‘सेंड टू किंडल’ या सोयीतून पाठवली तर अमेझॉन ती आपल्या प्रकारात बदलून यंत्रावर धाडतं. ही सोय २०२२ पासून आहे. मोबी या किंडलच्या जुन्या प्रकारातल्या फाइली मात्र आता त्या वाटेने जात नाहीत, म्हणून जुना संग्रह मोबीत असेल तर कॅलिबर या मोफत संगणकप्रणालीतून त्याचं ईपब करून घ्यावं लागतं.

फाइलच्या प्रकारापेक्षा मोठा अडथळा म्हणजे कुलूप, ज्याला डीआरएम म्हणतात. एका दुकानातून घेतलेलं कुलूपबंद पुस्तक दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर बहुधा उघडत नाही. त्यामुळे पहिला ई-रीडर निवडताना तुम्ही पुढच्या कित्येक वर्षांचं दुकानही निवडत असता. शंभर पुस्तकं एका दुकानात घेऊन झाली की दुसऱ्या कंपनीचं यंत्र कितीही चांगलं आलं तरी हात आखडतो.

‘विकत घ्या’ असं बटणावर लिहिलेलं असलं तरी हातात पडतो तो बहुधा वापराचा परवाना. ही नुसती कागदोपत्री भीती नाही. २००९ मध्ये हक्कांचा घोळ लक्षात आल्यावर अमेझॉनने विकलेली काही पुस्तकं ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसली होती. पैसे परत दिले, पुढे माफीही मागितली, पण लांबून पुस्तक पुसता येतं हे सगळ्यांना कळून चुकलं. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं. तिथेही पैसे परत मिळाले, पुस्तकं मात्र उघडेनाशी झाली. चीनमधलं किंडलचं दुकान ३० जून २०२३ ला बंद झालं आणि आधी घेतलेली पुस्तकं उतरवून घ्यायला ग्राहकांना वर्षभराची मुदत मिळाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर विकत घेतलेलं किंडल पुस्तक संगणकावर उतरवून केबलने यंत्रावर टाकायची जुनी सोयही अमेझॉनने काढून घेतली.

एवढं असून मी ई-पुस्तकं घेतो. पण जे पुस्तक पोराबाळांनी पुढे वाचावं असं वाटतं, ते कागदावरच घेतो. तुमची रेघ कुठे पडते ते आत्ताच ठरवा. ई-पुस्तक वाचून झाल्यावर मित्राला देता येत नाही, जुन्या बाजारात विकता येत नाही. पुस्तकं हातोहात फिरवणाऱ्या वाचकाला हा तोटा बाकी सगळ्या फायद्यांवर मात करणारा वाटू शकतो.

ग्रंथालयातून ई-पुस्तकं आणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघायची. तुमचं ग्रंथालय कोणती सेवा वापरतं ते आधी विचारा. ओव्हरड्राइव्ह ही सेवा कोबोच्या अनेक यंत्रांत आतच बसवलेली असते. किंडलवर ग्रंथालयाची पुस्तकं घेण्याची सोय अमेरिकेपुरतीच आहे. इतर देशांतले वाचक तिकडचे लेख वाचून ती गृहीत धरतात आणि मग हात चोळत बसतात.

मोफत पुस्तकांत प्रोजेक्ट गुटेनबर्ग, इंटरनेट अर्काइव्ह ही नावं बहुतेकांना ठाऊक असतात. विकिस्रोतावरची पुस्तकंही ईपब स्वरूपात उतरवून घेता येतात आणि मराठी विकिस्रोतही आहे, हे मात्र अनेकांना माहीत नसतं.

सावधान: ‘कुलूप तोडू आणि कुठेही वाचू’ या भरवशावर यंत्र निवडू नका. अनेक देशांत ते बेकायदा आहे आणि कंपन्या कुलपं बदलत राहतात.

तपासा: पुढे वाचायच्या दहांपैकी किती पुस्तकं एकाच दुकानात मिळाली? सहा-सातपेक्षा कमी असतील तर ते दुकान, आणि म्हणून ते यंत्र, तुमच्यासाठी नाही.

## ३. देवनागरीची परीक्षा घ्या

फक्त इंग्रजी वाचत असाल तर हा टप्पा ओलांडा. मराठी वाचणाऱ्यांनी मात्र इथे घाई करू नये.

देवनागरी दाखवणं म्हणजे एकापुढे एक अक्षर मांडणं नव्हे. यंत्रातल्या प्रणालीला जोडाक्षरं जुळवावी लागतात, पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणावी लागते, रफार योग्य अक्षरावर चढवावा लागतो. हे नीट जमत नसेल तर ‘शक्ती’मधला क पाय मोडून वेगळा उभा राहतो, ‘कविता’ची वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, आणि कधी अक्षरांच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी दिसतात.

परीक्षा अशी घ्या. साध्या मजकुराची एक फाइल करून तिचं कॅलिबरमधून ईपब बनवा आणि त्यात हे शब्द टाका: स्त्री, उत्स्फूर्त, तऱ्हा, ज्योत्स्ना, द्वंद्व, लक्ष्य, कर्त्यांनी, ऑफिस, अ‍ॅप. मित्राच्या किंवा दुकानातल्या नमुन्याच्या यंत्रावर ती उघडा. ‘तऱ्हा’मधला अर्धा र आणि ‘अ‍ॅप’मधला चंद्र या दोन ठिकाणी दोष सर्वात आधी उघडे पडतात. मग फाँट दोन पायऱ्या मोठा करून पुन्हा बघा. काही यंत्रांत मजकूर बरोबर असतो, पण ओळींतलं अंतर इतकं कमी की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. अंतर वाढवायची सोय सेटिंगमध्ये आहे का ते तिथेच पाहा.

यंत्रातला मराठी फाँट आवडला नाही तर आपला टाकता येतो का, हेही विचारा. किंडल आणि कोबो दोन्हींत ‘फाँट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये फाइल टाकली की तो फाँट यादीत येतो. मात्र नुसत्या फाँटने जोडाक्षरं जुळत नाहीत. प्रणालीच कच्ची असेल तर सुंदर फाँटमध्येही ती तुटलेलीच दिसतील.

दुसरी अडचण जुन्या मराठी पीडीएफची. युनिकोड (संगणकात अक्षरं साठवायची आजची सर्वमान्य पद्धत) रुळण्याआधीच्या फाँटमध्ये बसवलेली पुस्तकं डोळ्याला मराठी दिसतात, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात. अशा पीडीएफचं ईपब करायला गेलात की पानभर अगम्य चिन्हांची रांगोळी मिळते. ओळखायची खूण सोपी आहे: संगणकावर पीडीएफ उघडा, एक ओळ निवडून नक्कल करा आणि साध्या मजकुराच्या खिडकीत चिकटवा. मराठी उमटली तर ईपब करून पाहायला हरकत नाही. चिन्हं उमटली, किंवा ओळ निवडताच आली नाही, तर ती फाइल पान जसं आहे तसंच वाचावी लागणार, म्हणजे पडद्याचा आकार मोठा लागणार.

शब्दकोशाचीही हीच गत. इंग्रजी शब्दावर बोट ठेवलं की अर्थ येतो, ही ई-रीडरची मोठी सोय. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात. ‘झाड’ सापडेल, ‘झाडाखालच्या’ सापडेलच असं नाही. मराठी शब्दकोशासाठी म्हणून यंत्र घेत असाल तर असे पाच-सहा शब्द स्वतः दाबून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका.

## ४. पडद्याचा आकार कागद कापून ठरवा

जाहिरातीत ‘६ इंच’ वाचून काही कळत नाही, कारण ते कर्णाचं माप असतं. कोऱ्या कागदाचा ९ बाय १२ सेंटिमीटरचा तुकडा कापा. सहा इंची पडदा साधारण एवढाच. साधारण १६ बाय २१ सेंटिमीटरचा तुकडा कापला की १०.३ इंची पडदा झाला. दोन्ही तुकडे हातात धरा, झोपून धरा, एका हाताने धरा.

सलग मजकुराच्या ईपबसाठी छोटा तुकडा पुरतो, कारण तिथे ओळी पडद्याप्रमाणे नव्याने मांडल्या जातात. पीडीएफचं पान ठरलेलं असतं, ते फक्त लहानमोठं होतं. ए४ पानाचा कर्ण सुमारे १४.३ इंच. ते सहा इंचांत बसवलं की सगळं ४२ टक्के उरतं आणि १२ पॉइंटची अक्षरं ५ पॉइंटची होतात. औषधाच्या बाटलीवरची बारीक सूचना वाचायची सवय असेल तरच जमेल. १०.३ इंचावर तीच अक्षरं साडेआठ पॉइंटच्या आसपास येतात, १३.३ इंचावर ११ पॉइंटच्या. समास कापायची सोय असेल तर अजून थोडी मोठी होतात.

‘यंत्र आडवं धरून वाचू’ हा तोडगा सहा इंचावर कागदोपत्रीच बरा. अक्षरं ७ पॉइंटपर्यंत येतात, पण एका पानासाठी दोनतीनदा सरकवावं लागतं आणि ई-इंक पडद्यावर सरकवणं अडखळत चालतं. दोन रकान्यांचा शोधनिबंध असेल तर विचारायलाच नको.

तपासा: घरच्या छपाई यंत्रावर तुमची नेहमीची पीडीएफ ४२ टक्क्यांवर एक पान छापा आणि रात्री दिव्याखाली वाचा. दोन परिच्छेदांत कंटाळा आला तर छोटा ई-रीडर पीडीएफसाठी घेऊ नका.

मोठा पडदा घेताना वजन विसरू नका. सहा इंची यंत्रं १६०-१७० ग्रॅमच्या आसपास असतात, तर १०.२ इंची किंडल स्क्राइबचं पहिलं मॉडेल ४३३ ग्रॅमचं होतं. झोपून वाचणाऱ्याच्या मनगटाला हा फरक चांगलाच कळतो.

## ५. आता तोलायला बसा

इथवर आलात म्हणजे पुस्तकं मिळतात, अक्षरं नीट दिसतात, आकार कळला. आता खुद्द ई-इंक काय देतं आणि काय हिरावून घेतं ते बघू.

पडद्यात अतिशय बारीक पुटिका असतात, त्यांत विद्युतभारित पांढरे आणि काळे कण. विजेचा दाब दिला की हवे ते कण वर येतात आणि वीज काढली तरी तिथेच राहतात. बहुतेक गुण-दोष यातून निघतात. पान स्थिर असताना पडद्याला वीज लागत नाही, म्हणून बॅटरी टिकते. पडदा स्वतः प्रकाश फेकत नाही, बाहेरचा परतवतो, म्हणून भर उन्हात तो जास्तच स्वच्छ दिसतो. कणांना सरकायला वेळ लागतो, म्हणून पान बदलताना लुकलुकतं, मागच्या पानाची पुसट छाया उरते, आणि संकेतस्थळं चाळणं म्हणजे शिक्षा होते.

बॅटरीच्या आकड्याचा अर्थ मात्र नीट लावा. ‘सहा आठवडे’ असं लिहिलेलं असतं ते बहुधा रोज अर्धा तास वाचन आणि वायफाय बंद या हिशोबाने. म्हणजे एकूण २१ तास. रोज दोन तास वाचणाऱ्याला दहाएक दिवसांनी चार्जर शोधावा लागेल. तरीही फोनपेक्षा किती तरी बरं, पण महिनोन्महिने चार्जरची आठवणच येणार नाही अशा आशेवर राहू नका.

डोळ्यांबद्दल दोन्ही बाजूंनी बरंच वाढवून बोललं जातं. ई-रीडरमधला दिवा फोनसारखा पडद्यामागून डोळ्यांवर येत नाही. कडेचे बारीक दिवे पडद्याच्या पृष्ठभागावर उजेड पसरवतात आणि तो परतून डोळ्यांत येतो. पुष्कळांना हे सुखद वाटतं. पण एकटक बघून पापण्या कमी मिटल्या की डोळे कोरडे पडणारच, मग पडदा कोणताही असो. झोपेबद्दलचा जो अभ्यास ई-रीडरविरुद्ध सांगितला जातो, तो २०१४ च्या शेवटी प्रसिद्ध झाला. १२ जणांवर तो केला होता आणि झोप लागायला सरासरी सुमारे १० मिनिटं जास्त लागल्याचं त्यात दिसलं. पण त्यात वापरलेलं यंत्र होतं पूर्ण प्रखरतेवर ठेवलेला टॅबलेट. मंद, पिवळसर उजेडातल्या ई-इंक पडद्याला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही.

माझ्या मते ई-रीडरचे खरे फायदे दोनच, आणि जाहिरातीत त्यांना सर्वात कमी जागा मिळते. एक, अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतात. चाळिशीनंतरच्या वाचकाला बारीक छपाईच्या पुस्तकापासून सुटका मिळते. दोन, त्यावर दुसरं काही करता येत नाही. निरोप येत नाहीत, चित्रफिती नाचत नाहीत. फोनवर चार पानांनंतर लक्ष उडणाऱ्या माणसाला हे यंत्र मुका मित्र वाटतं. बाकी एवढ्याशा यंत्रात हजार पुस्तकं मावतात वगैरे ठीक आहे, हजार पुस्तकं वाचणार कोण?

तोट्यांत सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे नाजूकपणा. बहुतेक यंत्रांत पडद्याच्या थराखाली पातळ काच असते. यंत्र पडून फुटतं त्यापेक्षा पिशवीत दाबून जास्त फुटतं. वरून ओरखडाही नसतो, पण चालू केलं की अर्ध्या पडद्यावर रेघोट्या. पडदा हाच सगळ्यात महाग भाग असल्याने दुरुस्ती बहुधा परवडत नाही. कडक पुठ्ठ्याचं कव्हर ही चैन समजू नका, ते पहिल्या दिवसापासून हवं.

## ६. पंधरा दिवस फोनवर वाचून पाहा

किंडल आणि कोबो दोन्हींची अ‍ॅप मोफत आहेत. ज्या दुकानाकडे कल झुकला आहे त्याचं अ‍ॅप घ्या, यादीतलं एक पुस्तक त्यावर मिळवा, फोनचा पडदा कृष्णधवल करा, निरोप बंद करा आणि वाचा. यातून पडद्याची पारख होणार नाही. पण दुकान कसं आहे, पुस्तकात मुद्रणदोष किती, खुणा आणि टिपणं बाहेर काढता येतात का, आणि मुळात तुम्ही कागदाशिवाय एखादं पुस्तक संपवता का, हे सगळं कळेल.

तपासा: पंधरा दिवसांत पुस्तक अर्धंही झालं नसेल तर दोष फोनचा की सवयीचा, याचं खरं उत्तर स्वतःला द्या. नवं यंत्र आणल्याने वेळ आपोआप मिळू लागत नाही.

## ७. कशासाठी जास्त पैसे मोजायचे

इंचाला ३०० बिंदूंची सुस्पष्टता घ्याच. देवनागरीतल्या बारीक रेषा, अनुस्वार आणि उकार कमी बिंदूंवर फिसकटतात. उजेडाची छटा पिवळसर करता येणं हे रात्री वाचणाऱ्यासाठी पैशाचं मोल देतं. पान उलटायची खरीखुरी बटणं एका हाताने वाचणाऱ्याला सुखाची, इतरांना अनावश्यक.

रंगीत ई-इंकबद्दल थोडं सबुरीने घ्या. सध्या सर्रास दिसणाऱ्या कॅलिडो ३ पडद्यावर काळा-पांढरा मजकूर ३०० बिंदूंचा असला तरी रंग १५० बिंदूंचेच असतात, आणि रंगांची गाळणी वर बसल्याने पांढरं पान करडं दिसतं. त्यामुळे दिवा जास्त लावावा लागतो. चित्रकथा किंवा रंगीत खुणा हव्या असतील तर घ्या. फक्त कादंबऱ्या वाचणाऱ्याने घेऊ नये.

साठवणीच्या जागेसाठी जास्त पैसे देऊ नका. साधी कादंबरी दोन-तीन एमबीची असते. ध्वनिपुस्तकं, चित्रकथा आणि छायाप्रत पीडीएफ असतील तरच मोठी जागा हवी. पाण्यापासून संरक्षण म्हणजे बहुधा आयपीएक्स८: ठरावीक खोलीच्या गोड्या पाण्यात ठरावीक वेळ, साधारण दोन मीटर आणि एक तास. समुद्राचं किंवा साबणाचं पाणी त्यात धरलेलं नसतं. भिजल्यावर चार्जिंगचं भोक पूर्ण वाळल्याशिवाय केबल लावू नका.

अँड्रॉइडवर चालणारे ई-रीडर दोन-तीन दुकानांची अ‍ॅप एकाच यंत्रावर ठेवू देतात. दुसऱ्या टप्प्यात तुमची पुस्तकं दोन दुकानांत विखुरलेली निघाली असतील तर हा चांगला मार्ग. मोबदल्यात बॅटरी लवकर उतरते, सेटिंगांशी झटापट करावी लागते, आणि ज्या निरोपांपासून पळालात ते मागच्या दाराने परत येतात.

लेखणीने पडद्यावर लिहू देणारं यंत्र रोज पीडीएफवर खुणा करणाऱ्यांसाठी आहे. ‘कधीतरी लिहीन’ एवढ्यासाठी नको.

सावधान: काही मॉडेलं जाहिरातींसह स्वस्तात विकली जातात. झोपलेल्या पडद्यावर जाहिरात दिसते. वाचताना त्रास नसतो, पण आधी माहीत असलेलं बरं.

## ८. खोकं उघडल्यावरचे पहिले दिवस

परत करायची मुदत किती ते पावतीवर बघा आणि ती संपायच्या आत पुढचं करा. खोकं नीट ठेवा.

1. अंधाऱ्या खोलीत कोरं पान उघडून दिवा आधी पूर्ण, मग अगदी मंद करा. कडेला ठळक डाग, एका कोपऱ्यात वेगळी छटा, सतत चमकणारा ठिपका दिसला तर यंत्र बदलून घ्या. खालच्या कडेला किंचित फिकट-गडद असणं बहुतेक यंत्रांत असतंच, त्यावरून डोकं पिकवू नका.
2. तिसऱ्या टप्प्यातली परीक्षेची फाइल आणि तुमची सगळ्यात अवघड पीडीएफ लगेच टाका. गोड गोड नमुना पुस्तकावर समाधान मानू नका.
3. पुस्तकं थोडी थोडी भरा. एकदम पाचशे टाकली की यंत्र त्यांची सूची बनवत बसतं, बॅटरी भराभर उतरते आणि माणसाला वाटतं यंत्र सदोष आहे.
4. मजकूर दोन्ही कडांना जुळवलेला असेल तर तो डावीकडे जुळवून पाहा. मराठी शब्द लांब असतात, छोट्या पडद्यावर शब्दांमध्ये मोठ्या फटी पडतात.
5. वायफाय बंद करून एक रात्र ठेवा. सकाळी बॅटरी दोन-तीन टक्क्यांहून जास्त उतरली असेल तर एकदा यंत्र बंद-चालू करा आणि पुन्हा बघा. तरी तेच झालं तर परत द्या.

बिनकुलपाच्या मूळ फाइली संगणकावर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. यंत्र हे पुस्तकांचं एकमेव ठिकाण असता कामा नये. किंडलवर तुमच्या खुणा आणि टिपणं ‘माय क्लिपिंग्ज’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये साठतात. महिन्यातून एकदा तिची नक्कल संगणकावर घ्या.

जुना ई-रीडर घेत असाल तर पैसे देण्याआधी विकणाऱ्यासमोरच त्याच्या खात्यातून यंत्र मोकळं करून घ्या आणि तुमचं खातं जोडून एक मोफत पुस्तक उतरवून बघा. आधीच्या मालकाने चोरीला गेल्याची नोंद केलेलं यंत्र दिसायला धडधाकट असतं, पण खातं जोडायला नकार देतं. यंत्र बरंच जुनं असेल तर दुकान त्यावर अजून चालतं का हेही तिथेच पाहा, कारण काही जुन्या किंडलवरून थेट खरेदी करण्याची सोय २०२२ मध्येच बंद झाली.

आईवडिलांसाठी किंवा सासू-सासऱ्यांसाठी घेत असाल तर खोकं तसंच हातात देऊ नका. फाँट मोठा करा, ओळींतलं अंतर वाढवा, दोन पुस्तकं भरून ठेवा आणि मगच द्या. खातं कोणाचं जोडायचं हेही आधी ठरवा. तुमचंच जोडलंत तर तुम्ही घेतलेली पुस्तकं त्यांच्या यंत्रावर दिसतील आणि त्यांच्या चुकून दाबलेल्या बटणाचं बिल तुमच्या कार्डावर येईल. ते नको असेल तर त्यांचं वेगळं खातं काढा आणि त्यावर कार्ड जोडू नका.